वीतभर ताणा

मिलिंदनं फोनवर विचारलं, "ताई, आत्याबाईच्या मागाचं काय कराचं?" फ्रीजमध्ये अर्धा भोपळा उरलाय, ठेवू की टाकू, असं विचारावं तसं. मिलिंद माझा धाकटा भाऊ, नागपूरला नोकरीला असतो. बाबांना भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, क्वार्टर ठेवायची मुदत संपली, म्हणून माय-बाबांना घेऊन जायला तो आला होता. मोठा शिस्तीचा माणूस. सामानाच्या त्यानं तीन याद्या केल्या होत्या. न्यायचं, वाटायचं आणि कबाडीला द्यायचं. आत्याबाईचा हातमाग तिसऱ्या यादीत होता. कबाडी दुपारी तीनला टेम्पो घेऊन येणार होता.

मी म्हटलं, हात लावशील तर याद राख, मी येते. सुपेल्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. एका बाईच्या ब्लाउजचं माप अर्धवट घेतलं होतं. तिला म्हटलं, बाई, उद्या या, आणि शटर ओढलं. चौकातल्या गर्दीतून स्कूटी काढताना माझं डोकं तापलं होतं, पण मिलिंदवर नाही. माग तिसऱ्या यादीत जाईपर्यंत मी कुठं होते? हे मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तर जास्त टोचत होतं. हुडको कॉलनीतलं माझं घर बाबांच्या क्वार्टरपासून स्कूटीनं किती लांब? चहा गार होणार नाही इतकं.

सेक्टरात शिरलं की सुपेल्याचा गोंगाट मागं पडतो. दोन्ही बाजूंना तीच झाडं, तीच बुटकी क्वार्टरं, तोच उडालेला पिवळा रंग, आणि आता अर्ध्या दारांना कुलुपं. आमच्या मागच्या अंगणातलं मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड अजून आहे. त्याच्या शेंगा भिंतीपलीकडे लोंबायच्या आणि पलीकडच्या काकी त्या हक्कानं तोडायच्या. मागच्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली माग उभा होता. मी चादर ओढली आणि वास आला. आंबलेल्या पेजेचा, खोबरेल तेलाचा, आणि प्लांटच्या लाल धुळीचा. तो धुळीचा वास आपल्या नाकात होता हे भिलाईच्या माणसाला परगावी गेल्यावरच कळतं. त्या मागावर कोणी विणलं त्याला पंधरा-सोळा वर्षं तरी झाली. फणीच्या दातांमधून वीतभर ताणा अजून तसाच ओवलेला होता. कधीकाळी पांढरा होता, आता विटकरी.

हा वीतभर ताणा म्हणजे आमच्या घरची रीत. मागावर लांबीत ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि सूत सोडत इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातून आडवा जातो तो बाणा. कापड विणून झालं की ते कापून काढायचं, पण ताण्याची शेवटची वीत मागावर ठेवायची. नवा ताणा आणायचा तो त्याच टोकांना जोडायचा, एकेक धाग्याला एकेक गाठ. चारशे धागे तर चारशे गाठी. याला सांधणी म्हणायचं. यानं फणी पुन्हा भरायचा त्रास वाचतो हे खरं, पण आत्याबाईला ते सोयीपुरतं नव्हतं. माग रिकामा नाई ठेवाचा, ती म्हणायची, आणि म्हणताना आवाज असा काढायची की कावून असं विचारायची आमची हिंमत होत नसे. खरं सांगायचं तर त्या वीतभर ताण्यात जुना धागा एकही नसतो. जुनी टोकं नव्या कापडात विणली जातात, मागं नवी टोकं उरतात. पण मध्ये कुठं खंड नसतो. आत्याबाईनं तिच्या मायच्या टोकांना सांधलं होतं, तिच्या मायनं तिच्या सासूच्या. त्याआधी कोण होतं ते कोणालाच ठाऊक नाही. आमच्या लोकांचे सातबारे नसतात, वंशावळ्या नसतात. हे होतं.

आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. पवनीकडच्या गावाहून ती आली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ती का आली आणि परत का गेली नाही हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. एवढं आठवतं की दुर्ग स्टेशनावर ती उतरली तेव्हा डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि काखेत लुगड्यात गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं. बाबा ते घ्यायला पुढं झाले तर तिनं दिलं नाही. पेटी दिली, गाठोडं नाही. मला वाटलं आत लेकरू आहे. घरी येऊन तिनं लुगडं सोडलं तर आत फणी, ताणा वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या दोन चौकटी आणि त्यांतून ओवलेला तो पांढरा वीतभर ताणा. लाकडाचा सांगाडा गावातच राहिला होता. मायनं विचारलं, माग नाही आणला? आत्याबाईनं फणीवरची धूळ फुंकली आणि म्हणाली, "हा का मंग?"

सांगाडा बाबांनी करून दिला. फार पूर्वी रशियाहून प्लांटची यंत्रं आली होती, त्यांच्या पेट्यांच्या फळ्या आजोबांनी जपून ठेवल्या होत्या. भिलाईत कितीतरी घरांत त्या फळ्यांचे पाट, फडताळं, कोंबड्यांची खुराडी झाली. आमच्याकडे माग झाला. आडव्या फळीवर काळ्या रंगात उलटीसुलटी रशियन अक्षरं होती आणि मिलिंद कितीतरी दिवस त्यांना आत्याबाईचं नाव समजायचा.

मग आमच्या घराला आवाज आला. पहाटेचा भोंगा व्हायचा, बाबा सायकल काढायचे, आणि ते कोपऱ्यावर वळतात न वळतात तोच मागं व्हरांड्यात खट् खट् सुरू व्हायचं. पलीकडच्या छत्तीसगढी काकी डबा भरून पसिया आणून द्यायच्या. पसिया म्हणजे भाताची पेज. आत्याबाई ती सुताला लावून खळ द्यायची, आणि दोन दिवस आमच्या घराला, अंथरुणाला, माझ्या शाळेच्या ड्रेसलासुद्धा आंबट वास यायचा. शाळेत पोरी नाक धरायच्या. मी म्हणायची, धरा, तुमच्याच अंगावरचं कापड पण असंच वास मारत होतं कधी. संध्याकाळी ताण्यावर चादर टाकायची, नाही तर सकाळपर्यंत पांढऱ्यावर लाल धूळ बसलेली. टाकूनही बसायचीच. आत्याबाई उठल्या उठल्या ताण्यावर फुंकर घालायची, मग तोंड धुवायची. ती विणायची ते जाडंभरडं. चादरी, पंचे, बस्कर. बारीक सूत आमच्या घरात कोणी येऊच दिलं नाही तर बारीक विणणार कुठून, असं ती एकदाच बोलली होती.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षाची गोष्ट. छत्तीसगढ राज्य नवीन होतं. लोक गाड्यांच्या पाट्यांवरचं एमपी खोडून सीजी रंगवून घेत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सेक्टरच्या हॉलमध्ये साहेबांच्या बायकांनी मुलींसाठी एक वर्ग काढला, हातमागावर लेस विणायचा. टेबलावर बसतील असे लहान माग होते. लेस म्हणजे जाळीदार वीण, धाग्यांमध्ये हवा सोडून विणलेली. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी एक पांढरा तुकडा खिडकीशी धरून दाखवला आणि मला बाहेरचं गुलमोहराचं झाड त्या जाळीतून दिसलं. असं काही हातानं होतं? मला ते यायलाच पाहिजे होतं. त्या वयात माणसाला एखादी गोष्ट हवी होते ती अशी, जेवणही नको वाटावं अशी.

आम्हा सगळ्यांकडून मॅडमनी बोटभर साधं विणून घेतलं. माझ्यापाशी आल्या, तुकडा चिमटीत धरला, आडनाव विचारलं. मग कुठल्या स्ट्रीटवर राहतेस, बाबा प्लांटमध्ये कुठं आहेत. मी फुशारकीनं सांगितलं की आमच्या घरी माग आहे. घरी काय विणता? मी म्हटलं, चादरी. मॅडम हसल्या. मराठी होत्या, नागपूरच्याच, आवाज मधासारखा. म्हणाल्या, "अगं, हात जड आहे तुझा. जाळीला हलका हात लागतो, तो घरातूनच यावा लागतो. तू असं कर, या सगळ्यांच्या कांड्या भरून दे." इतकं गोड बोलल्या की मी "हो मॅडम" म्हणून कांड्या, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या, भरायला बसलेसुद्धा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, हे मला घरी येईपर्यंत कळलंच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कळलं, तिथंच मी सायकल ढकलून दिली आणि फुटपाथवर बसून रडले.

आत्याबाईला सांगितलं तेव्हा ती ताटावर बसली होती. तिनं शेवटचा घास खाल्ला, ताट धुतलं, हात पुसले. मी म्हटलं, मी उद्यापासून जात नाही. तिनं माझा पंजा उलटा केला, दाबून पाहिला, बाजारात कणीस दाबून पाहतात तसा.

"जड त जड," ती म्हणाली. "जा तू उद्या. कांड्या भर. कांड्या भरणाऱ्याचे हात गुंतून राहते, डोळे नाई."

तेव्हापासून मी चोर झाले. सकाळी आठ ते दहा मी हॉलच्या कोपऱ्यात रहाट फिरवायची आणि मुलींच्या बोटांकडे बघायची. मॅडम समजावून सांगायच्या, मुली विसरायच्या, मॅडम पुन्हा सांगायच्या, आणि मला सगळं दोनदा ऐकायला मिळायचं. दुपारी ऊन अंगणात आदळत असताना, माय आत झोपलेली, मिलिंद मुनग्याच्या सावलीत कंचे, म्हणजे गोट्या, खेळत बसलेला, तेव्हा मी चोरून आणलेलं आत्याबाईसमोर ओतायची. ती ऐकायची आणि म्हणायची, हॅ, येवढंच?

पहिली जाळी अशी, की दोन शेजारी धागे घ्यायचे, उजव्याला डाव्यावरून आणायचं, काडीवर धरायचं, धोटा टाकायचा. दोघांचा पीळ बाण्यानं तसाच धरून ठेवला जातो आणि मध्ये भोक उरतं. आत्याबाईनं तिला नाव ठेवलं फुगडी. दोन पोरी हात अडकवून मागं झुकतात, तसंच ते. दुसरी जाळी, चार धाग्यांभोवती बाणा गुंडाळून खेचायचा. ती जुडी, मेथीची. तिसरी जाळी अवघड होती. बाणा पूर्ण पन्ह्यात न जाता आठ-दहा धाग्यांतच मागं-पुढं करतो, मग पुढच्या आठ-दहांत जातो, आणि मधल्या फटी गल्ल्यांसारख्या राहतात. तिला ती क्वार्टर म्हणायची. "एक लाइन झाली, दुसऱ्या लाइनीत चल," म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. मॅडमकडे या तिन्हींना परदेशी नावं होती. मी ती कधीच पाठ केली नाहीत, आजही विचाराल तर फुगडी, जुडी, क्वार्टर हेच सांगेन.

काडी सुपेल्याच्या बांबूवाल्याकडची, काचेनं घासून खोबरेल लावलेली. ती ताण्यात सरकायची तेव्हा नखाएवढा आवाज यायचा. पहिले पंधरा दिवस माझे धागे तुटायचे. तुटला की आत्याबाई रागवत नसे, तुटलेलं टोक माझ्या बोटांत द्यायची, सांध म्हणायची. माझ्या हाताचा घाम, लाल धूळ आणि पेज मिळून बोटांवर चिखल बसायचा. धुवून ये म्हणायची. दिवसातून वीसदा धुवायची मी हात. मग एका दुपारी काडी उभी केली, धोटा टाकला, बाणा ठोकून बसवायचा हत्था ओढला, आणि ओळ सरळ आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुगड्या, एकीचाही पाय न घसरलेल्या. आत्याबाई उठून अंगणात गेली आणि उन्हात उभी राहिली. डोळ्यांत धूळ गेली म्हणाली. खोटारडी.

हाताएवढ्या पन्ह्याचा, दोन हात लांब पट्टा आम्ही विणला. वर्गाच्या शेवटी हॉलमध्ये प्रदर्शन होतं, आणि मला तो मॅडमच्या टेबलावर नेऊन आपटायचा होता. बस. दुसरं काही नको होतं.

प्रदर्शनाचा दिवस रविवार होता. आत्याबाई सकाळी वंदनेला विहारात गेली होती. ती येईस्तोवर मला धीर कुठला? मी कात्री घेतली आणि पट्टा कापला. आणि मग, देवाशपथ नाही म्हणत, आमच्यात देव नाही, पण खरं सांगते, मी आत्याबाईला खूश करायलाच गेले होते. वर्गात काम झालं की माग स्वच्छ करायला शिकवायचे. उरलेले दोरे ओढून काढा, फणी पुसा, माग कोरा करून ठेवा. महिनाभर मी तेच बघत होते. तसंच केलं. वीतभर ताणा मागूनही कापला, चौकटींतून आणि फणीतून एकेक धागा ओढून काढला, फणी फडक्यानं पुसली, लाकडाला तेलाचा हात दिला. निघालेले दोरे टाकवेनात, इतके मऊ पांढरे होते. त्यांच्या दोन वेण्या घातल्या, गाठ मारून एक लांब केली आणि पट्ट्याची गुंडाळी तिनंच बांधली. सुंदर दिसत होती. सायकलवरून हॉलमध्ये नेऊन दिली. मॅडम पाहुण्यांच्या गडबडीत होत्या, दुसऱ्या एका बाईंनी ती ठेवून घेतली. मी शीळ घालत घरी आले.

आत्याबाई मागापाशी बसली होती, पांढऱ्या साडीतच, वंदनेची. हात मांडीवर. माग कोरा. मला वाटलं आता म्हणेल, शाब्बास पोरी.

ती म्हणाली, "दोरे कुठी आहेत?"

मग मला कळलं. सगळं एकदम कळलं, पायाखालून कोणी पाट ओढावा तसं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त फणीच्या दातांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कुठंही काही अडलं नाही. मी तिला तेवढं म्हातारं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी सायकल घेतली ती चपलाही न घालता. ऊन असं की डांबर तळपायाला चिकटत होतं. शिफ्ट सुटली होती, प्लांटच्या सायकली नि स्कूटर समोरून येत होत्या आणि मी उलट्या बाजूनं. हॉलमध्ये शिरले तर माझा पट्टा मधल्या टेबलावर पसरलेला, खिडकीच्या उजेडात. भोवती पाच-सहा बायका. खाली चिठ्ठी होती, वर्गातील विद्यार्थिनींचे काम. मॅडम पट्ट्यावर हात ठेवून कोणाला तरी सांगत होत्या की मुलींनी किती लवकर उचललं. महिनाभर मी हाच क्षण पाहत होते, डोळे मिटले की हाच. आणि आता तो समोर होता आणि मला त्याचं काहीच नव्हतं.

"मॅडम, दोरी कुठाय?" मी म्हटलं.

त्यांना कळेना. कसली दोरी? गुंडाळीला बांधलेली. अगं, ती होय, टाकली असेल कोणीतरी, दुसरी देते ना तुला. मी टेबलाखाली बघितलं, खुर्च्यांखाली बघितलं. चहाच्या कागदी कपांची टोपली होती, ती मी जमिनीवर उपडी केली. एक बाई हाय हाय म्हणून साडी सावरत मागं सरली. वेणी तिथं होती, चहानं भिजलेली, एका बाजूनं सुटलेली. मी गुडघ्यांवर बसून फरशीवरचे सुटे धागे गोळा करायला लागले. वर मॅडम दबक्या आवाजात म्हणत होत्या, ऊठ बेटा, पाहुणे येताहेत, असं कचऱ्यात हात घालतात का. मी उठले नाही. एकेक धागा उचलला. त्या दिवसापर्यंत मी त्या बायकांसमोर मान वर करून चालले नव्हते, आणि गुडघ्यांवर बसल्यावर मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटेनाशी झाली. कसं ते मला आजही सांगता येत नाही.

मग उठले, टेबलाशी गेले आणि पट्टा ओढून घेतला. मॅडम म्हणाल्या, राहू दे, पहिलं बक्षीस त्यालाच द्यायचं ठरतंय.

मी म्हटलं, "हे इथं नाही विणलं. आत्याबाईच्या मागावर विणलं. इथं मले फक्त कांड्या भराले बसवलं होतं."

सगळ्यांसमोर मले म्हणाले मी. एरवी हॉलमध्ये जीभ आवरून मला म्हणायची. पट्टा खांद्यावर टाकला, वेणी मुठीत धरली आणि निघाले.

आत्याबाईनं ती वेणी मांडीवर घेतली आणि सोडली, रविवारी न्हाणं झालं की माझे केस सोडायची तशी, खालून वर, न ओढता. धागे मोजले. चारशेतले तीनशे सत्याऐंशी सापडले. काही पांढरे, काही चहाचे. मी म्हटलं, धुवून आणू? तर म्हणाली, राहू दे, डागाचं काय, धागा धड आहे. तेरा कमी होते, ते तिनं स्वतःच्या वंदनेच्या साडीच्या काठातून ओढले. साडी खराब होईल म्हणाले तर तिनं पुढचा धागा ओढला.

मग आम्ही दोघी बसलो. ती मागून टोक द्यायची, मी चौकटीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओढून घ्यायची. एकेक, चारशे वेळा. आठ दिवस लागले. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. त्या आठ दिवसांत ती मला एक अक्षर वावगं बोलली नाही, आणि मला तेच सहन होईना. पाचव्या की सहाव्या दिवशी मीच म्हटलं, आत्याबाई, मार ना मला एकदा. ती धागा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "तुटलं त सांधता येते वं. लोकाईनं आमचं कितीकदा तोडलं, आमी सांधलं. पण आपल्याच हातानं रिकामं नाई कराचं. तेवढं ध्यानात ठेव."

त्या टोकांना नवा ताणा सांधून तिनं स्वतःसाठी पांढऱ्या साडीचा पदर विणला. म्हणजे दोघींनी. खाली फुगड्या, मध्ये जुड्या, वर क्वार्टरच्या लाइनी. सुरुवातीच्या चार बोटांत चहाचे तपकिरी उभे पट्टे आले, कुठं गडद, कुठं फिके. पौर्णिमेला तो पदर साध्या साडीला जोडून ती विहारात गेली तेव्हा बायका धरून धरून बघत होत्या. कोणीतरी विचारलं, हे पट्टे कायचे? डिझाइन आहे, आत्याबाई म्हणाली.

पुढचं पटापट सांगते, कारण त्यात माझं सांगण्यासारखं काही नाही. शाळा संपली, शिवणकाम शिकले, लग्न झालं, हुडकोत आले, दुकान टाकलं. आत्याबाई विणत होती तोवर सणासुदीला येऊन मी दोन-चार ओळी टाकायची. मग ती गेली. गेली तेव्हा मागावर नुकतंच कापड कापलं होतं आणि वीतभर ताणा तिनं राखून ठेवला होता. कोणासाठी ते बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. आणि मी काय केलं? त्यावर एक चादर टाकली. इतकी वर्षं माझ्या दुकानात रंगीत रिळांचा ढीग पडलेला, आणि मला चारशे गाठी मारायला वेळ नव्हता.

हे सगळं मी व्हरांड्यात उभी राहून आठवत होते तेवढ्यात मिलिंद कात्री घेऊन आला. कबाडीचा टेम्पो दारात लागला होता. सांगाडा खोलायचा तर हे दोरे मध्ये येतात, तो म्हणाला. "काट देते ना, ताई. वैसे भी सड़ गए हैं." हल्ली तो मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो.

मी त्याच्या हातातून कात्री घेतली आणि अंगणात मुनग्याच्या झाडाखाली फेकली. आत मायनं काय झालं म्हणून विचारलं, मी म्हटलं काही नाही. मग खाली बसले, आणि आत्याबाईनं गावाहून आणताना केलं असेल तसंच केलं. फणी आणि दोन्ही चौकटी एकमेकींशी बांधल्या, सांगाड्यातून अलगद सोडवल्या, ताणा आत तसाच. मायच्या कपाटात तो पांढरा पदर होता, न्यायच्या यादीत. तो मागून घेतला आणि सगळं त्यात गुंडाळलं. चहाचे पट्टे वर आले. मिलिंद मदतीला वाकला, गाठोडं धरू का म्हणाला. मी नाही दिलं.

घरात जागा आहे का तुझ्या, त्यानं विचारलं. दोन खोल्या, चार माणसं, एक कूलर. नाही, म्हटलं. मग? मी कबाडीला विचारलं, भैया, सुपेला ही जा रहे हो ना? तो हो म्हणाला. मग हे लाकूड तुझ्या गोदामात नाही, माझ्या दुकानात उतरव, चौकातून डावीकडे, शिलाईवाल्या दीदीचं विचार. कबाडी डोकं खाजवत मिलिंदकडे बघू लागला. मिलिंदनं खिशातून यादी काढली, तिसऱ्या यादीतून माग खोडला आणि तो कोणत्या यादीत लिहावा ते त्याला कळेना. शेवटी कागद घडी करून खिशात ठेवला. टेम्पो निघाला तेव्हा मागच्या बाजूनं ती रशियन अक्षरं दिसत होती. "आत्याबाईचं नाव चाललं," मिलिंद म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग हसलो नाही.

दुकानातलं काचेचं कपाट मी हलवलं, गिऱ्हाईकं बसतात तो बाक बाहेर काढला, सांगाडा पुन्हा उभा केला आणि त्यात फणी-चौकटी बसवल्या. माग आता दर्शनी भागात आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो आणि दिसावाच. मॅडमच्या वयाच्या बायका येतात, विचारतात हे काय ठेवलंय, जागा अडते की. मी म्हणते, अडू द्या.

काल नवं पांढरं सूत आणलं. पहिलं टोक चिमटीत धरलं, जुनं विटकरी टोक दुसऱ्या चिमटीत. पंधरा-सोळा वर्षं उभं राहून ते कडक झालं होतं. ओढलं की तुटेल वाटलं, तुटलं नाही. थुंकी लावून मऊ केलं, पीळ दिला, गाठ मारली आणि दोन्ही बाजूंनी खेचून पाहिली. बाहेर सुपेल्याचे हॉर्न वाजत होते. तीनशे नव्याण्णव राहिल्या. हात जडच आहे माझा, मॅडम. गाठ सुटत नाही.